राखीव पंख्याचा पहारा

ज्या यंत्रात एकच पंखा असतो तो पंखा बंद पडला की यंत्रही बंद पडते, मालक हळहळतो, कारागिरास बोलावणे जाते आणि प्रकरण तेथेच निकालात निघते. परंतु ज्या यंत्रात गरजेपेक्षा एक पंखा जास्त बसविलेला असतो, त्यातील एक पंखा थांबला तरी काम पूर्ववत् चालू राहते, कोणाच्याही निदर्शनास काही येत नाही, आणि या न येण्यातच पुढील अनर्थाचे बीज असते. रात्रंदिवस अखंड चालावयाच्या संगणकांत, म्हणजे ज्यांना आपण सर्व्हर म्हणतो त्यांत, राखीव पंख्याची तजवीज सर्रास केलेली असते. ती तजवीज केव्हा खरी आणि केव्हा केवळ कागदोपत्री, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. सर्व्हरला मिळालेल्या विजेचा जवळजवळ सर्व अंश अखेरीस उष्णतेत परिणत होतो. गणित करणे, स्मरणात ठेवणे, संदेश धाडणे या त्याच्या व्यवसायांतून बाहेर पडणारे यांत्रिक कार्य नगण्य असते. तेव्हा ५०० वॉट वीज खाणारा सर्व्हर ५०० वॉट उष्णता ओकतो असे मानण्यास हरकत नाही. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते आणि तिचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. पेटीत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत १५ अंशांनी तापू द्यावयाची असे ठरविले, तर दर सेकंदास जवळजवळ २८ लिटर हवा त्या पेटीतून वाहती ठेवणे प्राप्त होते. हा आकडा एरवी काहीच नव्हे. परंतु ही पेटी केवढी असते ते ध्यानात घेतले म्हणजे अडचण उमगते. सर्व्हर ज्या १९ इंच रुंदीच्या रॅकमध्ये रचतात, त्यात उंचीचे एक माप म्हणजे पावणेदोन इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर. एका मापाच्या सर्व्हरमध्ये ४० मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा उभा राहूच शकत नाही, आणि एवढ्याशा पात्यांनी एवढी हवा, तीही दाट पत्र्यांच्या जाळीतून, रेटावयाची म्हणजे मिनिटास पंधरा ते वीस हजार फेरे घेण्यावाचून गत्यंतर नसते. सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकताच कानठळ्या बसविणारी जी किंकाळी ऐकू येते तिचे मूळ या भूमितीत आहे. फेसबुकने २०११ साली अमेरिकेतील ओरेगन प्रांतात प्राइनव्हिल येथे आपले केंद्र उघडले तेव्हा तेथील सर्व्हरची उंची मुद्दाम दीड माप ठेविली, ती ६० मिलिमीटरचे पंखे मावावेत आणि कमी वेगात, कमी विजेत तेवढीच हवा मिळावी याच हेतूने.

आता सर्व्हरचे झाकण काढून आत पाहू. पुढील बाजूस डिस्कांचे खण, त्यांच्या पाठीमागे पेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पंख्यांची रांग, रांगेमागे प्रोसेसरवर बसविलेल्या धातूच्या पातळ पत्र्यांचे चौकोनी ढीग, त्यांच्या दोन्ही अंगांस मेमरीच्या पट्ट्या, आणि अगदी मागे वीजपुरवठ्याचे संच व जोडण्या, अशी ही मांडणी बहुधा ठरलेली असते. पंख्यांपासून प्रोसेसरपर्यंत काळ्या प्लास्टिकचे आच्छादन घातलेले दिसते. ते शोभेसाठी नसून हवेने वाकडी वाट धरू नये म्हणून असते, आणि ते काढून ठेवून सर्व्हर चालविणारा मनुष्य स्वतःच्या हातांनी शीतलनाचा बंदोबस्त मोडीत असतो. याच कारणास्तव न वापरलेल्या खणांतही पोकळ ठोकळे बसविलेले असतात. खोलीतील हवेबद्दल ॲश्रे या अमेरिकन अभियंता-संस्थेची शिफारस अशी आहे, की सर्व्हरच्या तोंडाशी शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावी; पण खोली कितीही थंड ठेविली तरी तो गारवा प्रोसेसरपर्यंत पोचविण्याचे काम शेवटी या लहानग्या पंख्यांवरच येऊन पडते.

सर्व्हरच्या अंतर्भागात हलणारे भाग फारच थोडे असतात, आणि जे हलते ते झिजते. पंख्याची विद्युत्-मोटर सहसा दगा देत नाही. दगा देते ते बेअरिंग. त्यातील वंगण उष्णतेने हळूहळू सुकते, त्यात धूळ मिसळते, घर्षण वाढते, पाती पूर्वीइतक्याच विजेवर पूर्वीइतकी फिरेनाशी होतात आणि एके दिवशी थांबतात. पंखा अकस्मात मरतो असे आपणांस वाटते, परंतु बहुतेक वेळा तो महिनोन्‌महिने मरत असतो आणि त्याचे चिन्ह वाचण्यास कोणी बसलेले नसते.

हे चिन्ह वाचण्याची सोय पंख्याच्या तारांतच करून ठेवलेली आहे. सर्व्हरच्या सर्वसाधारण पंख्यास चार तारा असतात. पहिली भूमीची, दुसरी १२ व्होल्टच्या पुरवठ्याची. तिसरी तार पंख्याकडून वर्दी आणते: मोटरीत बसविलेला चुंबकीय संवेदक पात्यांच्या प्रत्येक फेऱ्यास दोन विद्युत्-स्पंद या तारेवर सोडतो. सेकंदास १८० स्पंद मोजले गेले, तर पंखा सेकंदास ९० फेरे, म्हणजेच मिनिटास ५,४०० फेरे घेत आहे असा त्याचा अर्थ. चौथी तार पंख्याकडे हुकूम नेते: तिच्यावर सेकंदास सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत वाहतो, आणि त्यातील चालू काळाचे प्रमाण जितके अधिक तितका पंख्याने वेग घ्यावयाचा. या योजनेतील सर्वांत शहाणपणाचे कलम मात्र असे, की चौथी तार तुटली किंवा हुकूम देणारा घटकच मूक झाला, तर पंख्याने थांबावयाचे नसून पूर्ण वेगाने धावावयाचे. सर्व्हर सुरू करताच पहिले काही क्षण तो जी गर्जना करतो ती याच शिरस्त्यापायी: नियंत्रक जागा होऊन कारभार हाती घेईपर्यंत पंख्यांना कोणी आवरलेले नसते. हुकूम न आल्यास सुरक्षित बाजूस झुकावे, हे तत्त्व अभियंत्यांनी येथे अचूक पाळले आहे.

मग पंखे कायमच पूर्ण वेगाने का फिरवू नयेत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर पंख्यांच्या नियमांत आहे. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर वीज एक-अष्टमांशावर येते; उलट वेग दुप्पट करावा तर आठपट वीज मोजावी लागते. यात बेअरिंगची झीज आणि कानांचा छळ मिळवा. शिवाय फिरत्या तबकड्यांच्या डिस्कांना कंप सोसत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील अभियंता ब्रेंडन ग्रेग याने २००८ सालच्या अखेरीस डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखविले आणि त्याच क्षणी त्या डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचे आलेखावर सर्वांना दिसले. मनुष्याच्या ओरडण्याने जर हे घडते, तर शेजारीच वीस हजार फेऱ्यांनी किंचाळणाऱ्या पंख्यांनी काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. तेव्हा पंखा गरजेपुरता फिरवावा, आणि गरज वाढताच वाढवावा, हेच धोरण इष्ट.

याच नियमांच्या प्रकाशात राखीव पंख्याचा व्यवहार पाहू. एखाद्या सर्व्हरमध्ये सहा पंखे असून त्यांपैकी पाचांवर काम भागते असे समजा. हा सहावा पंखा कोपऱ्यात हात बांधून बसलेला नसतो. सहाही पंखे एकत्र, थोड्या कमी वेगाने फिरत असतात. एक थांबला की उरलेल्या पाचांनी तेवढीच हवा द्यावयाची, म्हणजे प्रत्येकाने आपला वेग १.२ पट करावयाचा; परंतु घनाच्या नियमामुळे प्रत्येकास लागणारी वीज सुमारे १.७३ पट होते, आणि पाच पंखे मिळून पूर्वीच्या सहांपेक्षा जवळजवळ ४४ टक्के अधिक वीज खातात. हाही हिशेब आदर्श स्थितीतला. प्रत्यक्षात बंद पडलेला पंखा म्हणजे फुटलेला बांध होय: शेजारच्या पंख्यांनी रेटलेली हवा प्रोसेसरच्या दाट पत्र्यांतून कष्टाने पुढे जाण्याऐवजी त्या मोकळ्या भगदाडातून सुखेनैव मागे फिरते आणि तीच तापलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. म्हणून काही रचनांत पंख्याच्या तोंडाशी उलट्या वाऱ्याने आपोआप मिटणाऱ्या झडपा बसवितात. आणि एका मापाच्या सर्व्हरमध्ये बहुधा एकाच चौकटीत दोन पाती एकामागे एक, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी, अशी जोडी असते, जेणेकरून एक थांबले तरी दुसरे त्या वाटेवर दाब राखून ठेवते. अशा जोडीतील प्रत्येक पात्याची वर्दी वेगळ्या तारेने येते; त्यामुळे सहा चौकटींच्या सर्व्हरच्या यादीत बारा आकडे दिसले तर नवशिक्याने गोंधळून जाऊ नये.

या वर्द्या घेणारा अधिकारी म्हणजे मदरबोर्डवरील एक स्वतंत्र छोटा संगणक. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी. मुख्य प्रोसेसर झोपलेला असो वा कोसळलेला, बीएमसीला राखीव पुरवठ्यावरून वीज मिळत असते आणि त्याचा जाळ्याशी संबंध स्वतंत्र असू शकतो. त्याच्याशी बोलण्याची एक समान भाषा इंटेल, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी व डेल या कंपन्यांनी १९९८ साली ठरविली; तिला आयपीएमआय म्हणतात. तिची दुसरी मोठी आवृत्ती २००४ साली आली, आणि २०१५ साली डीएमटीएफ या संस्थेने रेडफिश नावाचा अधिक आधुनिक वारसदार प्रसिद्ध केला. तथापि अनेक सर्व्हरखोल्यांत आजही जुन्या भाषेतच विचारपूस चालते.

बीएमसीला पंख्यांची यादी मागितली की एकेका ओळीत पंख्याचे नाव, फेऱ्यांचा आकडा आणि 'ओके' असा शेरा मिळतो. ती यादी नीट न्याहाळणाऱ्यास एक नवल दिसते: आकडा ५,४०० असतो, कधी ५,४७५ होतो, पण मधला ५,४३० वा ५,४४० सहसा दिसत नाही. कारण आयपीएमआयमध्ये संवेदकाचे मूल्य एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ या मर्यादेत बसवावे लागते. एका पायरीस ७५ फेरे धरले म्हणजे १९,१२५ फेऱ्यांपर्यंतची मजल त्यात मावते. तेव्हा आकडा ७५ ने इकडेतिकडे हलला तर ती पंख्याची चंचलता नसून मोजपट्टीची जाडी असते.

प्रत्येक पंख्यास वेगाच्या खालच्या हद्दी नेमून दिलेल्या असतात: पहिली ओलांडली तर ताकीद, दुसरी ओलांडली तर गंभीर इशारा, तिसरी ओलांडली तर स्थिती हाताबाहेर गेल्याची नोंद. या हद्दी कोठे आखाव्यात हे वाटते तितके सोपे नाही. पहाटे काम कमी असताना पंख्यास मुद्दामच हळू फिरण्याचा हुकूम असतो. हद्द उंच आखली तर तो आज्ञाधारक पंखाच गुन्हेगार ठरतो, आणि फार खाली आखली तर दुपारच्या भरगच्च कामात निम्म्या वेगाने रखडणारा पंखा निर्दोष सुटतो. पहिल्या चुकीतून एक गमतीदार दुष्टचक्र निर्माण होते. मूळचा पंखा काढून कमी आवाजाचा, मंदगती पंखा कोणी बसविला असे समजा. वेग हद्दीखाली जाताच बीएमसी पंखा मेल्याचे ठरवितो आणि सर्व पंख्यांना पूर्ण वेगाचे फर्मान सोडतो. त्यासरशी हा पंखाही हद्दीवर येतो. बीएमसी समाधान पावून फर्मान मागे घेतो. पंखा पुन्हा खाली उतरतो. आणि हा चढउतार रात्रभर आळीपाळीने चालू राहून नोंदवहीची पाने एकाच तक्रारीने भरून जातात. इशारा रद्द होण्यासाठी वेग हद्दीच्या बराच वर आला पाहिजे अशी अट घातली तर थोड्याशा चढउताराने हा आरडाओरडा होत नाही. पण खरा उपाय म्हणजे हद्द स्थिर न ठेवता हुकमाशी जोडणे: पंख्यास किती फिरावयास सांगितले होते आणि तो किती फिरला, या दोहोंची रुजवात घालणे. अशी रुजवात रोज घालणाऱ्यास म्हातारा पंखाही आधीच ओळखता येतो, कारण त्याच हुकमास तो गेल्या वर्षीपेक्षा, आणि आपल्या पाच भावंडांपेक्षा, कमी फेऱ्यांनी उत्तर देऊ लागतो.

एकेका पंख्याच्या वर्दीखेरीज बीएमसी संपूर्ण संचाचीही स्थिती सांगू शकतो: राखीव शक्ती पूर्ण आहे, राखीव शक्ती गेली, राखीव काही नाही पण काम भागते आहे, राखीवही नाही आणि काम भागण्याइतके साधनही नाही. यांतील तिसरी स्थिती सर्वांत फसवी. तापमान ठीक, प्रोसेसर ठीक, वापरणाऱ्याची तक्रार नाही. केवळ एक ओळ सांगते आहे की आता पाठीशी कोणी उरलेला नाही.

या एका ओळीचे मोल आकड्यांत मांडता येते. उदाहरणादाखल असे धरू, की एका पंख्याने एका वर्षात दगा देण्याची शक्यता १ टक्का आहे. पहिला पंखा गेल्यानंतर तो एका दिवसात बदलला, तर त्या एका दिवसात उरलेल्या पाचांपैकी एखादा जाण्याची शक्यता सुमारे सात हजारांत एक. तोच बिघाड वर्षभर कोणाच्या ध्यानात आला नाही, तर ती शक्यता ५ टक्के, म्हणजे विसांत एक. पंखे तेच, राखीव पंखाही तोच. धोका मात्र ३६५ पट वाढला, आणि तो वाढविला केवळ बेफिकिरीने. खरी परिस्थिती याहूनही प्रतिकूल असते, कारण सहाही पंखे बहुधा एकाच कारखान्यातून, एकाच घाण्यातून आलेले, एकाच दिवशी कामावर रुजू झालेले आणि एकाच धुळीत वाढलेले असतात. शिवाय पहिला गेल्यावर उरलेले अधिक वेगाने राबत असतात. एकाचे वंगण सुकले असता इतरांचे ताजे असेल असे मानण्यास आधार नाही. राखीव पंखा म्हणजे दुरुस्तीसाठी मिळालेली मुदत. ती मुदत सुरू झाल्याचे कळलेच नाही तर ती न मिळाल्यासारखीच.

पहारेकऱ्याची वर्दी जशीच्या तशी खरी मानणेही धोक्याचे आहे. तिसरी तार तुटली तर पंखा जोमाने फिरत असूनही त्याचा आकडा शून्य दिसतो. उलट पाती धुळीने माखली किंवा समोरची जाळी बुजली तर फेरे भरपूर दिसतात आणि हवा मात्र पुढे सरकत नाही. म्हणून वेगाच्या साक्षीस तापमानाच्या साक्षीची जोड द्यावी: आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेतील अंतर काम तेवढेच असताना वाढत चालले, तर आकडे काहीही सांगोत, प्रवाह घटला आहे. प्रोसेसर स्वतः फार तापला तर आधी आपला वेग उतरवितो आणि तरीही न भागल्यास वीज तोडून स्वतःस वाचवितो. परंतु वेग उतरल्याची तक्रार 'यंत्र हळू चालते' अशा मोघम शब्दांत येते आणि मूळ कारण शोधण्यात दिवस जातात. आणखी एक बारीक पण वारंवार आढळणारी उणीव अशी, की बीएमसीच्या नोंदवहीत जागा मर्यादित असते, प्रत्येक नोंद १६ बाइटांची असली तरी वही केव्हातरी भरतेच, आणि भरल्यावर अनेक सर्व्हर नवी नोंद घेणेच थांबवितात. क्षुल्लक तक्रारींनी भरलेली वही खऱ्या संकटाच्या दिवशी मूक राहते.

शीतलनासाठी द्रव वापरण्याचा मार्ग आता रूढ होत आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकात उष्णता द्रवाच्या थेट संपर्काने वाहून नेण्याची योजना आहे. तथापि द्रव फिरविण्यास पंप लागतो, पंपालाही फेरे व बेअरिंग असते, आणि एकाऐवजी दोन पंप बसविले की वरील सर्व प्रश्न नाव बदलून पुन्हा उभे राहतात.

व्यवहारात यावरून काय करावे? ज्या सर्व्हरना चालू स्थितीत पंखा बदलण्याची मुभा आहे, त्यांच्यासाठी एक पंखा कपाटात तयार असावा. झाकण उघडे राहण्याची मुदत निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली असते, ती पाळावी, कारण झाकण निघताच हवेचा मार्ग मोडतो. बीएमसीच्या इशाऱ्याची इत्तला ज्यास जावयाची तो मनुष्य नावानिशी ठरलेला असावा, आणि तो रजेवर असता दुसरा. परंतु या सर्वांहून परिणामकारक उपाय म्हणजे तिमाहीतून एकदा, काम कमी असताना, एक पंखा हाताने काढून पाहणे. पाच पंख्यांचा वेग वाढतो काय, संचाची स्थिती बदलते काय, वहीत नोंद उमटते काय, आणि ठरलेल्या माणसाचा फोन किती मिनिटांत वाजतो, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की पंखा परत बसवावा. यांतील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्र बहुधा बरोबर देते. चौथ्या प्रश्नाशी आले म्हणजे पुष्कळ सर्व्हरखोल्यांत असे उघडकीस येते, की इशारा ज्या पत्त्यावर जात होता तो पत्ता असलेला गृहस्थ नोकरी सोडून केव्हाच गेला आहे. पुढील प्रकरणात वीजपुरवठ्याच्या जोड-संचांचा विचार करू. तेथेही प्रथम हाच पत्ता तपासावा लागेल.